फरंगीस खानमच्या घरी काही कमी नाही

तेहरानमधल्या आमच्या इमारतीत दोन मुलींना थॅलेसेमिया आहे. तिसऱ्या मजल्यावर माझी यक्ता, वय नऊ. तळमजल्यावर फरंगीस खानमची महरुख, वय सव्वीस. दर तीन आठवड्यांनी दोघींना रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह साठत साठत हृदयात जाऊन बसू नये म्हणून रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई ठेवून एक औषध सोडावं लागतं. मुठीएवढा पंप असतो, तो उशाशी ठेवायचा. यक्ताला रात्रीला दोन कुप्या लागतात, महरुखला चार.

आखातात परक्यांचं ड्रोन पाडलं गेलं आणि युद्धाची चर्चा सुरू झाली, त्या आठवड्यात आमच्या दोन्ही घरांत मिळून साठ कुप्या होत्या. म्हणजे दहा रात्री.

आपल्या देशावरच्या निर्बंधांत औषधं येत नाहीत असं समुद्रापलीकडचे सांगतात, आणि ते खोटं नाही. कंपनी विकायला तयार असते. फक्त तिचे पैसे तिच्यापर्यंत पोचवायला एकही बँक धजत नाही. जे थोडंफार येतं ते गोदामातून दवाखान्यात पोचेपर्यंत आटतं आणि बाजाराकडच्या एका रस्त्यावर 'दवा, दवा' असं पुटपुटत उभ्या असलेल्या माणसांच्या खिशात उगवतं. ते खरं की खोटं, किती दिवस उन्हात भाजलेलं, देव जाणे. इथे बनणारं औषध महरुखला सोसत नाही, आणि यक्ताला त्याने दोनदा ताप आला. म्हणून आम्ही परदेशातल्या कोलोन शहराहून येणाऱ्या पेटीवर जगत होतो. तिथल्या आपल्या लोकांनी एक मंडळ काढलं आहे. दर काही महिन्यांनी कुणीतरी प्रवासी सामानातून एक पेटी आणतो. पुढची पेटी आठवड्याभरात यायची होती, फरंगीस खानमच्या नावावर. एकशे ऐंशी कुप्या.

फरंगीस खानमबद्दल सांगायला हवं. तिने अठ्ठावीस वर्षं टेलिफोनच्या चौकशी खात्यात काढली. दिवसभर कानाला यंत्र, आणि तोंडात 'फरमावा, आपली सेवेकरी'. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दाराची घंटा वाजली की ती आतूनच 'फरमावा' म्हणते. महरुख दोन वर्षांची असताना आजाराचं निदान झालं, आणि महिन्याभरात नवरा निघून गेला. खानम त्याबद्दल एवढंच सांगते, "पाव आणायला गेला होता. कारजला पाव चांगला मिळतो वाटतं, तिथेच राहिला."

तआरोफ आम्ही सगळेच करतो. नको म्हणायचं, तुम्ही आधी म्हणायचं, घर तुमचंच आहे म्हणायचं. समोरच्याने तीनदा विचारायचं, तिसऱ्यांदा जे उत्तर येईल ते खरं. दूध पिणाऱ्या पोरालाही हे कळतं. पण फरंगीस खानमचा तआरोफ आमच्या गल्लीतही दंतकथेसारखा आहे. एकदा एका पाहुण्या बाईने चहाच्या समोवारचं कौतुक केलं. ही म्हणाली, "तुमचाच आहे, न्या." ती बाई खरोखर घेऊन गेली. खानमने वर त्याला बांधायला दोरी दिली. महरुख म्हणते, "माझं कुणी कौतुक करू नका. आई मलाही देऊन टाकेल."

तर ड्रोनच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. एका युरोपी चॅनलची माणसं आली आहेत, निर्बंधांचा रुग्णांवर काय परिणाम होतो ते दाखवायचं आहे, एक घर हवं आहे. खानम हो म्हणाली. मला वाटलं, बरं झालं. जग बघेल तरी.

ती सकाळपासून राबत होती. माझं काचेचं मोठं भांडं खाली नेलं. माझ्याकडच्या चेरी, तिच्याकडच्या काकड्या, जर्दाळू, कुणाकडून तरी आणलेले पिस्ते. मी म्हटलं, "खानम, ते लग्नाला येत नाहीयेत."

"पाहुणे येतायत," ती म्हणाली. "रिकाम्या टेबलाशी बसवू?"

वार्ताहर उंच, घामाघूम, भला दिसणारा माणूस होता. बरोबर कॅमेरावाला आणि एक दुभाषी मुलगी. मी यक्ताला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पंप दाखवून झाला, महरुखच्या पोटावरचे सुयांचे डाग दाखवून झाले. मग त्याने विचारलं, "तुम्हाला औषध मिळतं का?"

खानम हसली. "देवाची कृपा आहे, काही कमी नाही. तुम्ही एवढ्या उन्हातून आलात, आधी चेरी घ्या. धुतलेल्या आहेत."

दुभाषी मुलीने ते जसंच्या तसं सांगितलं. आम्ही सगळ्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. 'नाही, पण खरंच मिळतं का?' एवढंच त्याने विचारायचं होतं. त्याने मान हलवली, वहीत काहीतरी टिपलं आणि महरुखला तिचं वय विचारलं.

"आई," महरुख दबक्या आवाजात म्हणाली, "त्याने लिहून घेतलं."

"घेऊ दे. अजून कुठे निघालेत ते."

आमच्याकडे खरं बोलणं दारात होतं. पाहुणा बूट घालत असतो, एक हात भिंतीवर, आणि जे तासभर जिभेवर आलं नाही ते तेव्हा येतं. खानमनेही तिथेच दुभाषी मुलीची बाही धरली. "मुली, दहा रात्रींचं उरलंय. त्यानंतर माझ्याकडे काही नाही. त्यांना सांग." मुलीचे डोळे भरले. तिने सांगितलं. त्याने छातीवर हात ठेवला, हळहळला, घड्याळ पाहिलं. कॅमेरा पिशवीत गेला होता. चार वाजता त्यांना ड्रोनबद्दलच्या पत्रकार परिषदेला पोचायचं होतं, आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरी सॅटेलाइटवर आम्ही ते पाहिलं. तीन मिनिटांचंही नव्हतं. 'तेहरानचं म्हणणं आहे की निर्बंधांमुळे रुग्ण मरत आहेत. पण शहराच्या दक्षिणेकडच्या या साध्या घरात...' आणि पडदाभर माझं काचेचं भांडं. चेरी, पिस्ते, जर्दाळू. मग खानमचं हसू, आणि खाली अक्षरं: काही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत एकजण मोठ्याने म्हणाला, "फरंगीस खानम, तुमच्याकडे म्हणे काही कमी नाही! थोडं आमच्याकडेही पाठवा की." रांग हसली. ती पाव न घेताच परत आली. अठ्ठावीस वर्षं जिचा आवाज चढला नाही, ती स्वयंपाकघरात उभी राहून माझ्यावर ओरडली, "मी काय म्हणायला हवं होतं? दारात पाऊल ठेवताच भीक मागायला हवी होती?"

त्याच संध्याकाळी आपल्या सरकारी वाहिनीची माणसं आली, परदेशी खोटारडेपणाला उत्तर द्यायला. बिनकॉलरच्या शर्टातला तरुण फार अदबीने बोलत होता.

"हाजखानम, हे फळांचं भांडं आत ठेवूया का? आणि ताई जरा आडव्या झाल्या तर..."

"मी रात्री आडवी होते," महरुख म्हणाली. "दिवसा चष्म्याच्या दुकानात असते."

"पाचच मिनिटं, ताई."

"डोळे उघडे की मिटलेले?"

"मिटलेले बरे दिसतील."

"पंप रिकामाच लावू? तुमच्यासाठी भरायला चार कुप्या लागतील."

खानमने तिला डोळ्यांनी गप्प केलं. या वेळी तिने ठरवलं होतं, पहिल्याच प्रश्नाला खरं सांगायचं. डोक्यावरून घेतलेली काळी चादर तिने अंगाभोवती घट्ट आवळून घेतली होती. तिने दोन वाक्यं सांगितली. एक, बाहेरची बँक पैसे घेत नाही म्हणून औषध येत नाही. दुसरं, जे आलं होतं ते गोदामातून रस्त्यावर कसं गेलं हेही कुणीतरी विचारावं. दुसरं वाक्य सुरू झालं तेव्हाच त्या तरुणाने माइक खाली केला. "हाजखानम, हे राहू दे. तुमच्याच भल्यासाठी सांगतो." तो धमकावत नव्हता. त्यालाच भीती वाटत होती.

रात्री आठच्या बातम्यांत पहिलं वाक्य आलं. मागे रडकं संगीत, महरुखचा निजलेला हात, शत्रूच्या क्रौर्यावर चार शब्द. मग जहाजांची चित्रं, नकाशा, लाल बाण. यक्ताने विचारलं, "महरुखला बरं नाही का?"

दोन दिवसांनी कोलोनहून आय्दाचा फोन आला. मंडळाचं सगळं काम तीच बघते. वय तिशीच्या आत, पण बोलते आजीबाईसारखी. त्या दिवशी तिचा आवाज बसला होता.

"खाला जान, कशी सांगू? एका आठवड्यात आम्ही दोन फरंगीस खानम पाहिल्या. बैठकीत भांडणं झाली. अर्धे म्हणतात पहिली शिकवून उभी केलेली, अर्धे म्हणतात दुसरी. भांडण मिटेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, जे घर कुठल्याच वाहिनीवर आलं नाही त्याला देऊ. पेटी दूर दक्षिणेत अहवाजला गेली. जासम नावाचा चौदा वर्षांचा मुलगा आहे."

खानम म्हणाली, "फार चांगलं केलंत. त्यालाही हवं असेल. तुला मात्र माझ्यामुळे त्रास झाला, मला माफ कर."

महरुखने फोन हिसकावला. "आय्दा खानम, आई तआरोफ करतेय! आमच्याकडे तीन रात्रींचं उरलंय. वरच्या मजल्यावर नऊ वर्षांची मुलगी आहे!"

आय्दा रडायला लागली. प्रवासी निघून गेला होता. पेटी एव्हाना अहवाजच्या घरात पोचली असेल. दुसरी जमवायला दोन महिने तरी लागतील. तिच्याकडे द्यायला फक्त एक फोन नंबर होता, जासमच्या आईचा.

तो कागद फ्रीजवर चिकटवलेला राहिला. तीन रात्री संपल्या. मग आणखी तीन गेल्या, पंपाशिवाय. मी यक्ताच्या छातीला कान लावून झोपत होते. अशाने काही कळत नाही, हे मला माहीत आहे. लोह आवाज करत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी खाली गेले आणि तो कागद ओढून काढला.

"तुम्ही करता की मी करू?"

"तू नको," खानम म्हणाली. "तुझा आवाज ऐकून ती बाई घाबरेल." तिने चष्मा लावला, डोक्यावरचा रुमाल नीट केला, जणू कुणी बघत होतं, आणि नंबर फिरवला. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, मला ऐकू यावं म्हणून.

उम्म जासम, म्हणजे जासमची आई, अरबी वळणाची फारसी बोलत होती. मागे पंखा खडखडत होता. खानमने ओळख सांगितली, कुशल विचारलं, उन्हाचं विचारलं, मग सगळं सांगितलं. चॅनल, चेरी, पेटी, दोन मुली.

"ते तुमचंच आहे, खानम," उम्म जासम म्हणाली. "तुमच्या नावावर निघालं होतं, वाट चुकून आमच्या दारात आलं. आज संध्याकाळच्या बसने पाठवते. ड्रायव्हर ओळखीचा आहे. बर्फात घालून देते, काळजी करू नका."

बर्फ हा शब्द ऐकला आणि मी खुर्ची ओढून बसले. उद्या सकाळी. उद्या रात्री सुई.

खानमने विचारलं, "आणि जासमचं काय?"

"जासमला आहे, देवाची कृपा. काही कमी नाही."

मी टेबलाकडे बघत होते. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी मनात म्हणत होते, एकदा विचारलंस ना, झालं. आता आभार मान आणि ठेव. एकदाच. मला नियम माहीत होता, आणि त्या सकाळी तो मोडावा असं मला जिवापासून वाटत होतं.

"उम्म जासम," खानम म्हणाली, "युद्धात शहरांवर क्षेपणास्त्रं पडायची त्या दिवसांत मी रात्रपाळीला असायचे. लोक नंबर विचारायचे, आणि मग उगाच माझ्याशीच बोलत बसायचे. सगळे म्हणायचे, आम्ही ठीक आहोत. खोटं बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या शब्दाला वर जातो. तुमचा गेला. खरं सांगा, आहे का?"

"आहे हो. तुमची मुलगी ती माझी मुलगी."

मी खानमचं मनगट धरलं. जोरात. तिने माझ्याकडे न बघता माझा हात उचलून बाजूला ठेवला, टेबलावरचा पेला सरकवावा तसा.

"तुम्हाला जासमच्या जिवाची शपथ," ती म्हणाली. "ही तिसरी वेळ. किती दिवस नव्हतं?"

मग उम्म जासमचा आवाज आला, आता खालचा, सपाट. "पेटी यायच्या आधी सव्वीस दिवस. डॉक्टरांना हृदयात काहीतरी दिसलंय. पेटी आली त्या रात्री लावलं, तर पोरगा म्हणाला, आई, आज तू झोप."

"मग एकही पाठवू नका," खानम म्हणाली.

मी उठून उभी राहिले. "माझी मुलगी नऊ वर्षांची आहे!" माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"ही कोण?" उम्म जासमने विचारलं.

"माझी शेजारीण. यक्ताची आई."

"तिला बोलू दे."

खानम माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, फक्त वाट बघत. आयुष्यभर 'नको, तुम्ही आधी' असंच मीही म्हणत आले आहे. माझ्यापाशी मागायचे शब्दच नव्हते. "आम्हाला हवंय," मी म्हटलं. "सगळं नको. पण हवंय. मी तआरोफ करत नाहीये."

"कळलं," उम्म जासम म्हणाली. "मीही करत नाहीये. तुमच्याकडे दोन, माझ्याकडे एक. तीन वाटे करते. माझ्या पोराचा वाटा ठेवून घेते, आणि तुम्ही दोघींनी त्यावर एक शब्द बोलायचा नाही. हो म्हणा."

"हो," मी म्हटलं.

"आणि तुम्ही, फोनवाल्या खानम?"

फरंगीस खानमने डोळे मिटले. "हो," ती म्हणाली. तेवढ्यानेही तिला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आम्ही दक्षिण टर्मिनलवर उभ्या होतो. बस सातची, आली साडेदहाला. अहवाजला त्या दिवशी एकोणपन्नास अंश होतं, आणि वाटेत टायर फुटून बस दोन तास उभी होती. चादरीचं टोक दातांत धरून खानम प्रत्येक बसचा नंबर वाचत होती. मी मनात बर्फ वितळवत होते. अंदीमेश्कला अर्धा, खोर्रमाबादला पाव, कूमला नुसतं पाणी.

ड्रायव्हर खाली उतरला आणि आम्हाला बघून त्याने कपाळावर हात मारला. "तुम्हीच ना त्या? घ्या, घ्या ही पेटी आणि मला सोडवा. रात्रभरात त्या बाईने नऊ फोन केले. सामानात ठेवू नको, सीटखाली ठेव, पाय लावू नको, बर्फ घातलास का. मी बायकोशी वर्षभरात एवढं बोलत नाही!"

"बर्फ घातलात?" खानमने विचारलं.

"चार वेळा विकत घेतला, खानम."

तिथेच फुटपाथवर बसून आम्ही झाकण उघडलं. पाणी झालं होतं, पण गार होतं. बर्फाचे सुपारीएवढे तुकडे तरंगत होते. कुप्या दोन दोन पिशव्यांत घट्ट बांधलेल्या, कोरड्या. मी मोजल्या, मग खानमने मोजल्या. एकशे वीस.

डॉक्टर म्हणाले, रोज लावून वीस रात्रींत संपवण्यापेक्षा एक रात्र महरुखला, एक यक्ताला द्या. म्हणजे चाळीस रात्री. हे पुरेसं आहे का, विचारलं, तर त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "नसल्यापेक्षा." शरद ऋतूत हृदयाची तपासणी आहे. तिघांचीही. उम्म जासम खानमला दर शुक्रवारी फोन करते. दोघी आधी पाच मिनिटं तआरोफ करतात, मग कामाचं बोलतात.

पेटी घरी आणली त्या रात्री मी यक्तासाठी पंप भरला. पोटावर स्पिरिटचा कापूस फिरवला तशी ती रडायला लागली. मधल्या त्या रात्रींत सुई नव्हती, तर तिला वाटलं होतं की ती बरी झाली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते?

"पुन्हा लागणार?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"रोज?"

"दिवसाआड."

तिने थोडा विचार केला, मग स्वतःच फ्रॉक वर धरला.